सांडूभाऊची आगीची टाकी

आमच्या बिल्डिंगीत चोवीस घरं, आणि चोवीसच्या चोवीस घरांत सांडूभाऊ खडूस म्हणून प्रसिद्ध. खडूस तर खडूस. मी त्याच्याच गावची, त्याचं सगळं मला माहीत, आणि तरी जे व्हायचं ते माझ्याच हातून झालं. म्हणून मीच सांगते. आमचे हे, आप्पासाहेब, म्हणतात, आता कशाला उकरून काढतेस. बसा म्हणावं गप, पेपर वाचा.

उस्मानपुऱ्यात आमची रेणुका हाइट्स, सात मजली. एवढी उंच बिल्डिंग म्हटलं की छताला आगीचे फवारे बसवावेच लागतात, त्याशिवाय राहायच्या परवानगीचा कागद हातात पडत नाही. म्हणून बिल्डरनं बसवले होते. दर खोलीत छताला एक पितळी तोंड आणि त्यात कोथिंबिरीच्या काडीएवढी लाल काच. आम्ही राहायला आलो तेव्हा कोणाला काय माहीत ते काय असतं! कोणी त्याला दिव्यांची माळ अडकवली, कोणी ओले रुमाल. आमचे सेक्रेटरी काकासाहेब, तिसऱ्या मजल्यावरचे, त्यांनी तर पीओपीचं छत करून ते तोंडच बुजवून टाकलं. घाण दिसतं म्हणे.

आणि खाली पार्किंगच्या पोटात दोन हौद. एक घरच्या वापराचा, त्याला लागूनच दुसरा, फवाऱ्यांचा. त्याला आम्ही आगीची टाकी म्हणायचो. दोन्हींच्या मधे पाणी सोडायचा एक चाकाचा वॉल. तो कायम बंद, त्याला साखळी, साखळीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली सांडूभाऊच्या करदोड्याला.

आता आमच्या गावात पाण्याचं काय ते जगाला माहीत आहे. औरंगाबाद म्हणा की संभाजीनगर म्हणा, नळ तोच आणि तो आठवड्यातनं एकदाच. पाण्याच्या दिवशी माणूस लग्नाला जात नाही, दवाखान्यात जात नाही. नळाला सूं आवाज झाला की बादल्या, पिंपं, कुकर, अगदी पूजेचा तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. ही खोड आमच्या रक्तात आहे. अशा गावात तुडुंब भरलेली एक टाकी बारा महिने नुसती ठेवायची, तिच्यातलं चूळ भरायलाही घ्यायचं नाही! सांगा, कोणाच्या डोळ्यात खुपणार नाही?

सांडूभाऊ कन्नडच्या पुढचा, माझ्या माहेरचा. आमची जमीन होती, त्यांची मेंढरं. उन्हाळ्यात त्याचा बाप केरबा आमच्या वावरात मेंढरं बसवायचा, खताला. सांडू पोरगेला होता तेव्हा आडावर त्याला राखण बसवायचे. दुष्काळात आड खरवडला जायचा तर हा वर बसून हिशेब ठेवायचा, कोणाच्या घरी लहान लेकरू आहे, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणी दुसऱ्यांदा आलं. माझ्या आईला एकदा त्यानं रिकाम्या घागरीनं परत धाडलं होतं. पाटलाची बाई! आई घरी येऊन जी ओरडली म्हणता. वडील नुसते हसले.

त्याचा जन्म पोलीस ॲक्शननंतर आठनऊ वर्षांनी कधीतरी. तारीख मास्तरांनी ठरवली. मेंढरं सरली तसा तो वाळूजला आला, एका इंजिनिअरिंग कंपनीत आग विझवायच्या पंपावर लागला, आणि चोवीस वर्षं तिथंच. दर शनिवारी पंप दहा मिनिटं चालवायचा, वहीत लिहायचं, सही करायची. चोवीस वर्षांत आग लागली दोनदा, आणि दोन्ही वेळा पाणी होतं. एवढीच त्याची कमाई, पण तिचा त्याला असा तोरा की विचारू नका. रिटायर झाला आणि आमच्याकडं वॉचमन अधिक मोटरवाला म्हणून आला. कस्तुराबाई, त्याची बायको, आणि तो, दोघं पार्किंगमधल्या खोलीत राहायचे.

मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमी दादा पाटलाच्या आशाताई का?" झालं! शहरात माहेरचं कुत्रं दिसलं तरी बाईला भडभडून येतं, हा तर माणूस. त्या दिवाळीपासनं मी त्याला भाऊबीजेला ओवाळायला लागले. पाटावर बसायचा, शर्टाचं वरचं बटण लावून, टोपी नीट करून. ओवाळणीला टोपलीभर सीताफळं आणायचा, गावची.

आल्या आल्या त्यानं बिल्डिंगीला वळण लावलं. माळा उतरवल्या, रुमाल उतरवले. काकासाहेबांच्या घरात शिडी घेऊन शिरला आणि म्हणाला, छत कापा. काकासाहेब म्हणाले, तू कोण रे मला सांगणारा? हा म्हणाला, "तुमाला नाय सांगत. तुमच्या लेकरास्नी सांगतो, बाप कापत नाय म्हून." छत कापलं गेलं, पण काकासाहेबांनी ते मनात धरलं.

मग एका रविवारी त्यानं सगळ्यांना पार्किंगमधे गोळा केलं. कंपनीतनं आणलेलं एक जुनं फवाऱ्याचं तोंड चिमट्यात धरलं, खाली मेणबत्ती धरली. आम्ही बघतोय. मी तर एकदम पुढं, सोसायटीची अध्यक्ष ना मी, त्या वर्षी बाईला अध्यक्ष करायची पाळी होती म्हणून मला केलेलं. थोड्या वेळानं काच टच्च करून फुटली. माझ्या शेजारी पाचव्या मजल्यावरच्या वच्छलाबाई उभ्या होत्या, बन्सीच्या आई. त्या केवढ्यानं दचकल्या, आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सांडूभाऊ म्हणाला, "ह्या काचंला मानसाची वाट बघावी लागत नाय. ताप लागला का फुटती. पानी सुटतं. पन खाली टाकीत पानी आसलं तर. नसलं तर हे नुसतं पितळ हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, तुमी आध्यक्ष. ध्यानात ठिवा."

ठेवलं. चांगलं ध्यानात ठेवलं.

त्या वर्षीचा मे महिना. पाण्याची मोठी लाइन कुठंतरी फुटली आणि आठव्या दिवशी येणारा नळ दहावा दिवस उलटला तरी येईना. टँकरवाले फोन उचलेनात. आणि नेमकं माझ्या लेकीचं डोहाळजेवण! सातवा महिना, व्याही पुण्याचे, रविवारी दुपारी पंचवीस माणसं जेवायला. शनिवारी आमच्या घरात एक पिंप आणि दोन कळश्या. मला रडू यायला लागलं. विहीणबाई आधीच म्हणायच्या, तुमच्याकडं पाण्याचा जरा त्रासच नाही का हो! हे त्यांचं ‘जरा’ ऐकलं की माझ्या अंगाचा भडका उडायचा. त्यांना काय मी कागदी ताटल्यांवर जेवू घालू? हात पुसायला रुमाल देऊ?

मी खाली गेले. म्हटलं, सांडूभाऊ, आगीची टाकी जरा उघड. दोन तासांपुरती.

"नाय ताई."

"अरे, आपल्या लेकीचं डोहाळजेवण आहे."

"म्हाईत हाय. कस्तुरा भाकरी थापाय येनार हाय. पानी नाय देता येनार. ते पानी आपलं नाय, आगीचं हाय."

"मी अध्यक्ष म्हणून सांगते."

"तुमी लेखी द्या. मी वहीत लिवतो, मंग उघडतो."

लेखी कोण देतं! मी वरच्या पट्टीत काहीबाही बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, पण किल्लीला हात लावला नाही. आणि मग मी ते केलं, जे करायला नको होतं. डोळ्याला पदर लावला आणि म्हटलं, "माझा सख्खा भाऊ असता तर त्यानं मला पुण्याच्या माणसांपुढं अशी तोंडघशी पडू दिली नसती. ओवाळून घ्यायला येतोस, आणि माहेरच्या माणसानं एवढंही करू नये?"

त्यानं करदोड्याची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "ताई, एक करा. नळ आला का पयलं पानी ह्या टाकीत. घरांला मागून. शब्द द्या."

मी शब्द दिला. तेव्हा मनापासनं दिला, आईची शपथ.

रविवारी बारा वाजता त्यानं कुलूप काढलं, वॉल उघडला, मोटर लावली. अर्धा तास चालवून बंद करणार होता. तेवढ्यात झोपाळा आला, फुलांनी सजवलेला, डोहाळजेवणाचा. लिफ्टमधे मावेना. मी वरनंच ओरडले, सांडूभाऊ, जरा हात लाव, पोरं एकटी उचलायची नाहीत. तो आला. दुसऱ्या मजल्यापर्यंत झोपाळा चढवला, छताला कडी बघितली, दोर बांधला, लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवून आशीर्वाद दिला. विहीणबाई म्हणाल्या, हे कोण? मी म्हटलं, माझे माहेरचे भाऊ. तो असा लाजला की बास.

आणि इकडं चोवीसच्या चोवीस घरांत नळाला सूं आवाज झाला. पाणी आलं! कोणी विचारलं का, कुठलं पाणी, कसं आलं? आमच्या गावात नळाला असं कोणी विचारत नाही. बादल्या, पिंपं, कुकर, पूजेचे तांबे. सगळ्या मजल्यांवर पाण्याचा धो-धो आवाज. झोपाळ्याची गाठ मारता मारता सांडूभाऊनं तो ऐकला आणि दोर तसाच टाकून जिन्यानं खाली पळाला.

टाकीचा तळ दिसत होता. तो परत वर आला तेव्हा आम्ही लेकीला ओवाळत होतो. दारातनंच म्हणाला, "ताई, टाकी संपली." मी म्हटलं, बरं बरं, नळ आला की भरू. पाहुण्यांसमोर काय बोलणार?

जेवणं झाली, हात धुतले, विहीणबाई खूश.

बुधवारी सकाळी नळ आला, करंगळीएवढी धार, तीही पाऊण तास. सांडूभाऊनं पाणी सरळ आगीच्या टाकीला लावलं. वरनं सगळी बिल्डिंग खाली उतरली. काकासाहेब म्हणाले, हा म्हातारा आम्हाला तहानलेलं मारणार का? बायका माझ्याकडं बघायला लागल्या. वच्छलाबाईसुद्धा होत्या, हातात कळशी घेऊन. सांडूभाऊ माझ्याकडं बघत होता, मी शब्दाची आठवण ठेवते का ते. आणि मी म्हटलं, "या वेळी घरांना सोड रे. दोन दिवसांत टँकर मागवू." त्यानं नळी काढली आणि दुसऱ्या हौदात घातली. गुरुवारी सकाळी तो दारात, टँकर? संध्याकाळी परत, ताई, टँकरचं काय? मी म्हटलं, डोकं नको खाऊस, सांगितलंय मी टँकरवाल्याला. खोटं. फोन केला होता, त्यानं उचलला नव्हता, मी परत केला नाही.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला बन्सीची बायको साडीला इस्त्री करत होती. लाइट गेली. इस्त्री तशीच कपड्यांवर टेकवून ती भाजी आणायला गेली. वच्छलाबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या, गुडघ्यांनी बेजार. अर्ध्या तासानं लाइट आली.

मी जिन्यात होते. वरनं धुराचा वास आला आणि कोणीतरी आग आग ओरडलं. मी खाली पंपाच्या खोलीकडं पळाले. का पळाले, देव जाणे, मला माहीतच होतं तिथं काय आहे ते. सांडूभाऊनं पंप चालू केला होता आणि पंप नुसता कण्हत होता. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. वर काच फुटली होती, अगदी वेळेवर फुटली होती. पाइपात उभं होतं तेवढं पाणी पडलं आणि मग फस्स करून हवा. सांडूभाऊनं बटण बंद केलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. घोंगडी प्यायच्या मडक्यात बुचकळली, डोक्यावर घेतली आणि पाच मजले चढून गेला. साठी उलटलेला माणूस! वच्छलाबाईंना पाठुंगळी घेऊन खाली आणलं. त्यांच्या अंगाला आग लागली नव्हती, पण धूर फार गेला होता छातीत. आगीचा बंब आला, आग विझली. वच्छलाबाईंना दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी त्या तिथंच वारल्या.

मग पहिला प्रश्न बन्सीचाच. फवाऱ्यातनं पाणी का आलं नाही? काकासाहेब म्हणाले, पंपाचा माणूस कशाला ठेवलाय मग? टाकी रिकामी ठेवली त्यानं. सगळ्यांनी माना हलवल्या, बुधवारची नळी कोणाच्याच तोंडी आली नाही. रविवारचं पाणी सगळ्यांनी भरलं होतं, पण ते कुठनं आलं हे खरंच कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि आप्पासाहेबांना माहीत होतं. आप्पासाहेब मला घरात म्हणाले, "तोंड उघडायचं नाही. माणूस गेलंय. गुन्हा दाखल होईल, लेक बाळंतपणाला आलीय."

मी नाही उघडलं. बन्सीच्या घरी बसायला गेले, त्याच्या बायकोला पोटाशी धरलं, तेराव्याला जेवले. जेवले हो! घास गिळला जातो, माणसाला वाटतं गिळला जाणार नाही, पण जातो. इकडं सांडूभाऊला पोलिसांनी दोनदा बोलावलं. त्याला खोली खाली करायला सांगितली. वॉचमन लोक त्याला रस्त्यात म्हणायचे, हाच तो म्हातारा, टाकी रिकामी ठेवणारा. चोवीस वर्षं ज्याच्या टाकीत थेंब कमी झाला नाही, त्याला.

चौदाव्या दिवशी कस्तुराबाई दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "ताई, ते तुमचं नाव घेत नायत. मी लई म्हनलं, ते नाय घेत. तुमी येकदा बोला. जेलात जायाचं तर जातील, पन खोटा आळ घिऊन नगं." मी तिचे हात धरले. म्हटलं, उद्या पोलिसांनी सगळ्यांना चौकशीला बोलावलंय, उद्या मी बोलते. आप्पासाहेब आतनं खोकले. मी म्हटलं, खोका, मी बोलणार आहे.

आणि बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चौकशीच्या साहेबांपुढं आम्ही सगळे बसलो होतो, काकासाहेब, बन्सी, आप्पासाहेब. सांडूभाऊ उभा होता, त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. मी उठले आणि म्हटलं, "साहेब, वॉल मी उघडायला लावला. सांडूभाऊनं नाही म्हटलं होतं. माझ्या घरी कार्य होतं." बन्सीनं माझ्याकडं बघितलं. काकू, एवढंच म्हणाला तो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, नीट विचार करून सांगा. ते पाणी फवाऱ्यांचं आहे, ते उपसलं तर आग लागल्यावर फवारे चालणार नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत सांडूभाऊ बोलला. "त्यास्नी काय म्हाईत आसनार साहेब? घरातलं बाई मानूस. त्यास्नी वाटलं आसंल, हाय पानी तर वापरावं. म्हाईत मला हुतं. वॉल माझ्या हातानं उघडला."

साहेब मला म्हणाले, "असं आहे का?"

खोलीत पंख्याचा आवाज. माझ्यासमोर ती मेणबत्ती, ती काच, ‘ताई, ध्यानात ठिवा’. बन्सी बघतोय. आप्पासाहेबांनी खालनं माझा पदर ओढला. लेक घरी, तिला आठवा लागलेला. एक शब्द बोलायचा होता. तो शब्द जिभेवर होता, देवाशपथ होता.

"हो साहेब," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

साहेबांनी लिहिलं. वाचून दाखवलं. मी सही केली. वर बघितलं तर सांडूभाऊ माझ्याकडं बघत होता, तोंड थोडं उघडं राहिलेलं. त्याला नवल वाटलं होतं. मी त्याचं बोलणं खोडून काढणार, अशी त्याला खात्री होती, हे मला तेव्हा कळलं. क्षणभर तो तसाच थांबला, मी अजून काही बोलते का बघत. मग त्यानं टोपी नीट केली आणि साहेबांना विचारलं, "म्या कुठं सही करू?"